बाण आधी बघ

पट्टा चढवण्याआधी उलटा कर, मुबीन.
पाठीवर बाण छापलेला असतो,
पुसट, कुणाच्या तरी घामाने निम्मा गेलेला.
मोटर फिरते त्याच दिशेला तो हवा.
चुकलास तर सांधा उकलतो
आणि उकललेला सांधा
तुझं गाव कुठलं, विचारत बसत नाही.

चढवलास? आता बाजूला हो.
समोर उभं राहून बटण दाबायचं नाही.
मिनिटभर रिकामा फिरू दे.
ऐक.
सलग घरघर असेल तर ठीक.
मध्येच टक, टक, टक,
पालीसारखं काही चुकचुकलं
की बंद कर, काढ, फेक.
सालेम शेठ म्हणेल, दोन दिवस चालला असता अजून.
म्हणू दे.

बाह्या कोपरावर. ताईत खोलीवर ठेवून ये,
राखायचं तर तो तिथूनही राखील.
चष्मा डोळ्यांवर, कपाळाला दिसत नाही काही.
हातमोजे या यंत्रावर नकोत.
चटका बसेल, बसू दे, बादलीत बुडव,
पातं निळं पडायच्या आत बोटांना कळतं.
मोजा एकदा फटीत गेला
की आतल्या हातासकट जातो.

टेकणी आणि पट्टा, यांच्यात फट ठेव
पतंगाच्या कागदाएवढी.
सुरीचं टोक पट्ट्याच्या तोंडावर कधीच नाही.
रुतलं की सुरी त्याची,
आणि तो ती कुठे भिरकावेल
हे त्यालाही ठाऊक नसतं.

मुठीचं लाकूड घासलंस ना सकाळी?
मग तो भुसा आधी उपस, नंतर पोलाद.
ठिणगी भुश्यात पडून राहते गुपचूप,
आपण जेवून येईस्तोवर.

लांज्याला आमच्याकडे शाण होती.
आई चामड्याचा पट्टा ओढायची,
बाबा कोयता धरायचे.
ते नुसते कण्हले तरी आई थांबायची,
चाक थांबायचं.
इथे ते लाल बटण आहे, गुडघ्याशी.
डोळे मिट आणि हात लाव.
नाही, तिथे नाही. खाली.
पुन्हा.

ईदला नऊ दिवस उरलेत.
बाहेर निझव्याचा बकऱ्यांचा बाजार
गोल गोल फिरतोय, दोऱ्या धरून माणसं पळतायत,
आणि शेठच्या वहीत एकशे चाळीस सुऱ्या.
तू वही बघू नकोस.
मी बघितली होती, सात वर्षांमागे,
ईदच्या आदल्या रात्री, एकशे बारावी सुरी हातात.
झोप येत नव्हती, असं सगळ्यांना सांगितलं.
आलीच होती.
दुखलं नाही. पट्टा जरासा ओला दिसला, इतकंच.
मग मी बोट शोधायला लागलो,
आणि ते माझंच आहे हे जरा उशिरा सुचलं.

उरलेल्या नवांवरही रेघा नाहीत आता.
काजळी नदीतल्या गोट्यांसारखी झालीत, बघ.
कार्डाच्या कचेरीत काचेवर ठेवली
तर मशीन म्हणे, पुन्हा. पुन्हा.
ती बाई पण म्हणाली, पुन्हा.
मागे रांग, पुढे मी,
आणि मशीनच्या लेखी तिथे कुणीच नाही.
शेवटी पंधरा दिवस पट्ट्यापासून लांब राहिलो,
रात्री खोबरेल चोळलं,
तेव्हा करंगळीवर चार रेघा उगवल्या.
तेवढ्यावर निभावलं.
अरबी बाजूला नाव आलं, बांचाल.
त्यांच्याकडे प नाही.
तुझं बारकार होईल, सवय कर.

म्हणून बोटांची टोकं टेकवू नकोस,
पातं तळव्याच्या जोरावर धर,
लाकडाचा ठोकळा घे मागून.
वेळ लागेल. लागू दे.

हं, बाण बघितलास?
मघाशी नव्हे, आत्ता.
बघ.

दाब.
मी इथेच आहे, मोटरच्या या अंगाला,
हात गुडघ्याशी.
ऐकतोय.